गोताचा शब्द आणि चवदार तळ्याचे पाणी

पाटीलकी कोणाची, हा सतराव्या शतकातल्या मराठी मुलखात जिवावर बेतणारा प्रश्न होता. पाटीलकी म्हणजे केवळ सारावसुलीचे काम नव्हे. इनाम जमीन, गावकीतले हक्क आणि त्याहून मोठा मानपान तिच्याबरोबर येई. होळीची पहिली पोळी कोणाची, पोळ्याला कोणाचा बैल पुढे, लग्नात टिळा-विडा आधी कोणाला, यावरून भाऊबंदांत पिढ्यानपिढ्या वैर धुमसे आणि प्रसंगी मुडदे पडत. दोन घराणी ‘वतन आमचे’ म्हणून उभी राहिली की आधी कागद धुंडाळले जात. ते बऱ्याचदा सापडत नसत. घर जळाले, परचक्रात गाव लुटले गेले, दुष्काळात कुळे परागंदा झाली, अशी कारणे दोन्ही बाजूंकडे तयार असत. मग एकच दप्तर उरे, ते म्हणजे गावची माणसे.

ही माणसे जिथे एकत्र बसत ती गोतसभा. गोत म्हणजे इथे रक्ताची भावकी नव्हे; वतनाच्या आणि गावगाड्याच्या धाग्याने बांधलेला सगळा समुदाय. परगण्याचे देशमुख-देशपांडे, शेजारच्या गावांचे पाटील-कुलकर्णी, कसब्यातले शेटे-महाजन आणि बलुतेदार त्यात येत. सरकारचे अंमलदारही बसत आणि आदिलशाही मुलखात काजीही. ‘दिवाण आणि गोत’ मिळून हाजिर मजालस भरे. वादी-प्रतिवादींकडून जामीन घेत, सभेचा निवाडा मान्य असल्याचे राजीनामे लिहून घेत, दोघांच्या तकरिरी, म्हणजे आपापल्या बाजूची निवेदने, होत. मग साक्षीदार पुढे येत. निवाडा झाला की महजर लिहिला जाई. जिंकलेला सरकारात हरकी भरी, हरलेला गुन्हेगारी भरी आणि प्रतिपक्षाला येजितखत लिहून देई, म्हणजे आपण खोटे ठरलो असे स्वतःच्या तोंडाने कबूल करी.

हे महजर आजही पाहायला मिळतात. लांबट कागद, मोडीतली दाट ओळ, आणि मजकुराच्या आजूबाजूला गोताच्या निशाण्या. बहुतेकांना लिहिता येत नसे, म्हणून प्रत्येकाने आपल्या धंद्याचे हत्यार काढलेले असते किंवा कारकुनाने त्याच्या नावापुढे तसे लिहिलेले असते. पाटलाचा नांगर, सुताराचे किंकरे, न्हाव्याचा आरसा. एका वतनाचा प्रश्न ठरवायला सगळे गाव आपापले हत्यार घेऊन कागदावर उतरलेले दिसते.

मराठीतल्या दोन म्हणी या व्यवस्थेला अगदी चपखल लागू पडतात: ‘पाचामुखी परमेश्वर’ आणि ‘गाव करी ते राव न करी’. त्या ऐकून कोणालाही वाटेल की त्या काळी सत्य म्हणजे गोत म्हणेल ते. पंचांनी अमक्याला पाटील म्हटले की तो पाटील; दुसऱ्याकडे कितीही पुरावा असो, त्याला विचारतो कोण? समाजाच्या मान्यतेबाहेर सत्य नावाची काही वस्तू नसतेच, असे मानणारे आजही पुष्कळ आहेत. त्यांना गोतसभेइतके बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

पण महजर नीट वाचले की वेगळेच दिसते. गोतसभा ज्या पद्धतीने चाले, तिच्या प्रत्येक पायरीवर एक भीती स्पष्ट दिसते. ती भीती अशी, की गोत चुकू शकते. गोताचा शब्द म्हणजेच सत्य असते, तर या भीतीला जागाच नव्हती.

शपथेपासून सुरुवात करू. साक्षीदाराला देवळात नेत. हातावर बेलभंडार ठेवत, तुळस आणि गंगोदक देत. मुसलमान साक्षीदार आपल्या धर्माची शपथ घेई. मग त्याला बजावले जाई की तुझे बेचाळीस पूर्वज तुझ्या शब्दाकडे डोळे लावून अधांतरी लटकले आहेत. खरे बोललास तर त्यांना स्वर्ग, खोटे बोललास तर नरक. ज्याला हे सांगत तो काही परका नसे. तो गोताचाच माणूस, गावचाच पाटील, शेजारचाच चौगुला. त्याच्या जिभेवर खोटे येऊ शकते हे सभेला पुरते ठाऊक होते. त्याच्या बोलण्याने सत्य तयार होत नव्हते. जे आधीच घडून गेले होते ते त्याने दडवू नये, एवढ्यासाठी पूर्वजांना साक्षीला बोलावले जाई.

दुसरी पायरी परस्थळाची. एखादा वादी म्हणे, ‘या गावचे गोत प्रतिपक्षाचे सोयरे आहेत, इथे मला न्याय मिळायचा नाही, थळ बदलून द्या.’ ही मागणी ऐकून घेतली जाई. वाद दुसऱ्या गावच्या किंवा दुसऱ्या परगण्याच्या सभेपुढे जाई, तिथे पुन्हा तकरिरी, पुन्हा साक्षी. कराड परगण्यातल्या मसूरच्या पाटीलकीसाठी जगदाळे घराण्याने असे वाद पिढ्यानपिढ्या लढवले. एका गोताने दिलेला निवाडा दुसऱ्या गोतापुढे तपासायला नेता येतो, हे ज्या समाजाने मान्य केले, त्याने सत्य हे कोणत्याही एका गोताच्या मालकीचे नाही हेही मान्य केले होते.

याच सतराव्या शतकात, याच गावगाड्यात तुकोबा होऊन गेले. देहूच्या महाजनकीचे वतन त्यांच्या घराण्यात होते. साक्ष, गोत, निवाडा हे शब्द त्यांच्या घरच्याच व्यवहारातले. त्यांनी एका अभंगात खऱ्या-खोट्याच्या निवाड्यासाठी आपल्या मनाला साक्षीदार केले आणि पुष्कळांच्या मताला ते स्थान नाकारले. वारकऱ्यांच्या तोंडी आजही असलेले ते वचन एकट्या संताचे बंड म्हणून सांगितले जाते. गोतसभेची कार्यपद्धती पाहिल्यावर मात्र लक्षात येते की ज्या शंकेतून ते आले, ती शंका त्या काळच्या साध्या पाटील-कुलकर्ण्यांनाही होती. त्यांनी ती शपथेत आणि परस्थळात बांधून ठेवली, तुकोबांनी ती उघड बोलून दाखवली.

साक्षी फुटल्या, कागद नाही, दोन्ही बाजू तोडीस तोड, असे झाले की शेवटचा उपाय दिव्याचा. धर्मशास्त्राने त्याची जागा नेमून दिली होती. याज्ञवल्क्यस्मृतीप्रमाणे लेख, भोगवटा आणि साक्षीदार हे मानवी पुरावे. ते नसतील तरच दिव्य. तुला, अग्नी, जल, विष आणि कोश ही पाच दिव्ये तिथे सांगितली आहेत. अग्निदिव्यात हातांवर पिंपळाची सात पाने सात धाग्यांनी बांधून त्यावर तापलेला लोखंडाचा गोळा ठेवत आणि सात मंडले ओलांडायला लावत. नंतर हातांत भात चोळत, आणि हात भाजलेले नसतील तर माणूस शुद्ध.

मराठी मुलखात जास्त प्रचार होता तो रवादिव्याचा. त्याचा विधी जवळून पाहण्यासारखा आहे. दिव्य करणाऱ्याचे हात साबण लावून स्वच्छ धूत, नखे काढत. तळव्यांवरचे आणि बोटांवरचे जुने व्रण, चट्टे, तीळ बारकाईने लिहून घेत, म्हणजे पुढे जुन्या डागाला कोणी नवा फोड म्हणू नये. हात पिशवीत घालून वर मोहोर करत, म्हणजे रात्रीतून कोणी औषध लावू नये. दुसऱ्या दिवशी देवासमोर भांड्यात तेल-तूप कढवत, त्यात धातूचा रवा टाकत. आपला दावा लिहिलेले भाळपत्र कपाळावर बांधून तो माणूस हात घाली आणि रवा बाहेर काढी. हात पुन्हा पिशवीत, पिशवीवर पुन्हा मोहोर. तिसऱ्या दिवशी सभेसमोर मोहोर फोडून हात पाहत.

आजचा वाचक हे वाचून शहारतो आणि ते योग्यच आहे. साधारण ७० अंश उष्णतेचा पदार्थ क्षणभर लागला तरी कातडी भाजते, आणि कढलेले तेल याच्या कितीतरी पुढे असते. हात किती भाजेल हे तेल किती तापले, हात किती वेळ आत राहिला, तळव्याला नांगर धरून किती घट्टे पडले, यावर ठरते. पाटीलकी आजोबांनी विकत घेतली होती की बळकावली होती, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. परगण्यातल्या प्रत्येक माणसाची दिव्यावर श्रद्धा असली तरी तेलाचा गुण बदलत नव्हता.

तरीही दिव्य शतकानुशतके टिकले, कारण ते माणसांवर काम करी. भंडाऱ्यापुढे उभे राहून, कढई पेटलेली पाहून, ज्याला आपण खोटे आहोत हे ठाऊक आहे त्याचा हात आधी थरथरत असणार. दिव्य करायची पाळी आली की आदल्या दिवशीच माघार घ्यावी असे त्याला वाटणे साहजिक होते. म्हणजे दिव्याचा उपयोग होई तो खोटे बोलणाऱ्याच्या मनात दडलेल्या माहितीवर. आणि खरा असून घाबरलेला? किंवा खोटा असून निगरगट्ट? अशांच्या बाबतीत दिव्याने अन्यायच केला असला पाहिजे, आणि त्या अन्यायावर देवाची मोहोर उठली.

नदीतली क्रिया याहून सौम्य होती. काही निवाड्यांत वाद घालणाऱ्यांना स्नान घालून नदीच्या पात्रात उभे करत आणि गोताच्या माणसाला सांगत, ‘जो खरा असेल त्याला हाताला धरून बाहेर काढ.’ काठावर गाव उभे. पाण्यात उतरलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर त्याचे शेजारी, त्याचे सोयरे, त्याची कुळे. तो एकाचा हात धरी आणि वतनाचा निकाल लागे. इथे भाजणे नाही, फोड नाहीत. एका माणसाच्या सद्सद्विवेकावर सगळा भार. धर्माच्या, नदीच्या आणि गावाच्या साक्षीने त्याला एकटे पाडले जाई, म्हणजे तो घोळक्याच्या आड लपू शकत नसे. गोताने आपल्याच एका माणसाला गोतापासून क्षणभर वेगळे काढून विचारावे, यातच त्या पद्धतीचे शहाणपण होते.

कागदांनाही हीच कसोटी लावावी लागे. वतनाच्या लोभाने खोटे महजर तयार झाले, जुन्या तारखा घालून सनदा लिहिल्या गेल्या. मराठी करिन्यांतून, म्हणजे घराण्यांनी लिहिलेल्या वतनाच्या हकिकतींतून, एक आरंभ वारंवार येतो. दुर्गादेवीच्या दुष्काळात गाव ओस पडले, मग आमच्या मूळ पुरुषाने येऊन ते वसवले, म्हणून वतन आमचे. दुष्काळाची आठवण खरी होती, ती सगळ्या मुलखाची होती. आणि म्हणूनच तिचा आधार घेऊन कोणीही आपली कहाणी रचू शके. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून असे कागद गोळा करत फिरले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. तेव्हापासून मराठी इतिहासाचा अभ्यासक एकाच कागदावर विसंबून राहत नाही. महजरावर पन्नास निशाण्या असल्या तरी तो शिक्के पाहतो, अक्षर पाहतो, दुसऱ्या घराण्याच्या दप्तरात तीच घटना कशी आली आहे ते ताडून बघतो. पन्नास जणांनी एकाच तोंडाने सांगितलेले आणि दोन वैऱ्यांनी एकमेकांना न विचारता सांगितलेले, यांत दुसऱ्याचे मोल त्याला अधिक वाटते.

मग गोताच्या शब्दाला काहीच बळ नव्हते का? होते, आणि ते फार मोठे होते. काही गोष्टी समाजाच्या मान्यतेतूनच जन्माला येतात. पाटील हा डोंगरासारखा निसर्गात सापडत नाही. गाव त्याला पाटील मानते म्हणून तो पाटील असतो. मानपान, वारसा, लग्नाची रीत, पाणवठ्याची वहिवाट, दोन गावांमधली शीव, हे सगळे माणसांच्या एकमताने उभे असते. ते एकमत उद्या बदलले तर ती गोष्टही बदलते. या क्षेत्रात गोत केवळ साक्षीदार नव्हते, कर्तेही होते. घोळ होई तो या दोन क्षेत्रांची सरमिसळ झाल्यावर. ‘आम्ही याला पाटील मानतो’ हे गोताने ठरवायचे. ‘याच्या पणजोबाने हे वतन पैसे मोजून घेतले होते’ हे मात्र घडले तरी असते किंवा घडले नसते. सभेत कितीही हात वर झाले तरी त्यात फरक पडत नाही.

शिवेचे उदाहरण घ्या. दोन गावांत शिवेचा तंटा लागला की महाराचा शब्द मोलाचा मानला जाई. गावाची राखण, शिवेच्या खुणा, वाटा, ओढे यांची माहिती त्याच्याइतकी कोणाला नसे. शिवेच्या दिव्यात माणूस डोक्यावर माती घेऊन हद्दीवरून चालत जाई. धर्मशास्त्रातही शिवेच्या साक्षीदाराने डोक्यावर माती घ्यावी असे सांगितले आहे. तो ज्या वाटेने चालला ती शीव; पाटील आणि देशमुख मागून चालत येत. गावाची हद्द कुठे संपते हे ज्याने सांगावे आणि सगळ्या गावाने मानावे, त्याच माणसाला त्या हद्दीतल्या विहिरीला हात लावायची मनाई होती. त्याची साक्ष चाले, त्याचा घडा चालत नसे.

१८१८ साली पेशवाई संपली. दख्खनचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे आला. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावरच्या आपल्या १८१९ च्या अहवालात त्याने पंचायतीचे दोष मोकळेपणाने नोंदवले. चालढकल, पक्षपात, निवाडा अमलात आणायला बळ नाही. तरीही लोकांना ती आपली वाटते म्हणून ती टिकवावी असे त्याचे मत होते. प्रत्यक्षात १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेनंतर दिवाणी न्यायालये आणि वकील आले आणि पंचायतींचे महत्त्व ओसरत गेले. त्याच सुमारास आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनमधल्या जातींना त्यांच्या रूढी विचारून घेतल्या आणि त्या ग्रंथरूपाने छापल्या. ‘तुमची रीत काय?’ या प्रश्नाला जातीच्या म्होरक्यांनी दिलेले उत्तर छापील कायद्याच्या जवळ जाऊन बसले. त्या जातीतल्या बायकांनी किंवा तिच्या अगदी तळच्या माणसांनी काय उत्तर दिले असते, ते त्या पानांवर नाही.

१८७२ साली भारतीय पुरावा कायदा आला. ऐकीव गोष्ट पुरावा होत नाही, साक्षीदाराने स्वतः पाहिलेले-ऐकलेलेच सांगावे, हा त्याचा कणा. पण रूढीचा किंवा सार्वजनिक हक्काचा प्रश्न आला तर तो हक्क ज्यांना माहीत असण्याचा संभव आहे अशा लोकांचे मत ग्राह्य धरावे, असे कलम ४८ म्हणे. त्या कलमाखाली दिलेले उदाहरण अगदी आपल्या गावातले आहे: अमुक गावच्या रहिवाशांचा अमुक विहिरीचे पाणी वापरण्याचा हक्क. गोतसभेचा एक तुकडा अशा रीतीने नव्या कायद्यात शिल्लक राहिला. आता लोकांचे मत ऐकायचे, पण ते पुराव्यातला एक पुरावा म्हणून. निकाल म्हणून नाही.

हा फरक किती मोठा आहे ते पंचावन्न वर्षांनी महाडला कळले.

१९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावानुसार मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असे ठरवले. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली आणि २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागे हजारो माणसे तळ्यावर गेली व पाणी प्याली. थोड्याच वेळात गावात आवई उठली की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसा कोणताही बेत नव्हता. पण गावाने ते खरे मानले, आणि परतीच्या तयारीत असलेल्या, जेवत असलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. आवई खोटी होती. फुटलेली डोकी खरी होती. एखाद्या समाजाचा समज माणसाला किती इजा करू शकतो आणि तरीही खोटा राहतो, हे त्या दुपारी महाडच्या रस्त्यावर दिसले. नंतर तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी पंचगव्याच्या १०८ घागरी त्यात ओतण्यात आल्या.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह होणार होता. त्याआधीच काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दाव्यातले म्हणणे दुहेरी होते: तळे खासगी मालकीचे आहे, आणि अस्पृश्यांनी इथे पाणी भरायचे नाही ही अनादि काळापासूनची वहिवाट आहे. आंबेडकरांनी हुकूम पाळला. २५ डिसेंबर १९२७ रोजी परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, पण तळ्यावर कोणी गेले नाही. लढाई न्यायालयात नेली गेली.

वादींकडचे बळ लहान नव्हते. गावातले सगळे मानकरी एका बाजूला. ‘असे पूर्वीपासूनच चालत आले आहे’ असे सांगणारे साक्षीदार हवे तेवढे. तीनशे वर्षांपूर्वी अशी सभा वीरेश्वराच्या देवळात भरली असती, तर निशाण्या उमटून महजर त्याच संध्याकाळी पुरा झाला असता. न्यायालयाने मात्र दुसरा प्रश्न विचारला. वहिवाट कायद्याने बंधनकारक ठरायची तर ती प्राचीन, अखंड, निश्चित आणि वाजवी असल्याचे सिद्ध झाले पाहिजे. तुम्ही सगळे तसे मानता हे ऐकले. ती खरोखर तशी आहे याचा पुरावा काय? तळ्यावर मुसलमान पाणी भरत होते, गुरे पाणी पीत होती. नगरपालिकेने स्वतःच तळे खुले केल्याचा ठराव दप्तरात होता.

८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने वादींविरुद्ध निकाल दिला. १९३३ साली ठाण्याच्या न्यायालयात अपील फेटाळले गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ या अपिलात शेवटचा शब्द सांगितला: जी वहिवाट अनादि म्हणून सांगितली ती सिद्ध झालेली नाही. निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींमध्ये ब्रूमफील्ड होते. १९२२ साली अहमदाबादेत महात्मा गांधींवरचा राजद्रोहाचा खटला त्यांनीच चालवला होता.

या निकालाला कधीकधी परक्या कायद्याचा विजय म्हटले जाते. ते अर्धेच बरोबर आहे. साक्षीदाराच्या हातावर बेलभंडार ठेवणाऱ्या पंचांनाही हाच प्रश्न पडला होता: सगळे म्हणतात, पण खरे काय? त्यांनी तो वतनापुरता विचारला. शिवेवर ज्याच्या पावलामागून ते चालले, त्याच्या घड्याच्या बाबतीत तो विचारायचे धैर्य त्यांच्यात नव्हते. आंबेडकरांनी तोच प्रश्न पाण्यापर्यंत नेला, आणि ज्याला गोताने कधी वादी होऊ दिले नाही त्याच्या वतीने नेला.

पंचांची जागा मात्र पूर्ण रिकामी झालेली नाही. जातपंचायती आजही बसतात. आंतरजातीय लग्न केले, पंचांचा दंड भरला नाही, पोलिसांत गेले, म्हणून कुटुंबे वाळीत टाकली जातात. २०१३ साली नाशिकमध्ये झालेल्या एका तरुणीच्या हत्येनंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतीला मूठमाती देण्याचे अभियान सुरू केले. २०२१ साली परांडा तालुक्यात एका नवऱ्याने बायकोचे चारित्र्य तपासण्यासाठी तिला उकळत्या तेलातून नाणे काढायला लावल्याचे समोर आले. रवादिव्य तेच होते. पण व्रण लिहून घेणारे कोणी नव्हते, परस्थळ नव्हते, ‘मला हे मान्य नाही’ म्हणायची सोय नव्हती. जुन्या पद्धतीतला शंकेचा भाग गळून गेला होता आणि कढई तेवढी उरली होती.

महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा कायदा २०१६ साली मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो २०१७ साली अमलात आला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तक्रार पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे देता येते. आपल्या गावात, आपल्या जातीत असा निवाडा होत असेल तर ज्याला तो दिसतो त्याने पंचांना पुरावा विचारावा आणि पीडित माणसाच्या बाजूने साक्ष द्यायला उभे राहावे. त्या साक्षीसाठी आज बेलभंडार लागत नाही. ठाण्यात जाऊन आपले नाव लिहून देण्याची तयारी तेवढी लागते.